मुळासकट

कुणी देठ कापलेली अळंबी टेबलावर ठेवली की एतेल्काच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि शहराच्या पेश्त भागातल्या त्या मंडईत सप्टेंबर लागला, की अशी टोपली घेऊन येणारं एक तरी गाढव रोज असायचंच. एकवीस वर्षं ती दाराशेजारच्या काचेच्या खोलीत बसून, लोकांनी रानातून वेचून आणलेली अळंबी फुकट तपासून देत होती. चांगली असली तर शिक्का मारलेली चिठ्ठी, नसली तर बादली. भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं पाटी लिहिली होती : 'मुळासकट उपटून आणा.' कारण सोपं होतं. खुनी अळंब्याच्या देठाला खाली, मातीत, एक पांढरी पिशवी असते. वरून सुरी फिरवली की पिशवी रानात राहते आणि मरण टोपलीत येतं. पण पाटी वाचतो कोण?

त्या दिवशी अकराच्या सुमाराला कोर्नेल आला. परदेशी पाहुण्यांना शहर 'पोटातून' दाखवायचा त्याचा धंदा होता. खाली हंसाचं काळीज, आंबवलेली कोबी, जर्दाळूच्या दारूचा घोट, आणि मग वरच्या मजल्यावर एनिकोच्या खानावळीत जेवण. एनिको ही एतेल्काची मुलगी. तिची चूल निम्मी कोर्नेलच्या पाहुण्यांवर पेटायची, म्हणून एतेल्कानं त्याचं बरंच काही गिळलं होतं. आज तर तो पहाटेच पाहुण्यांना नदीपलीकडच्या बुडा भागातल्या टेकड्यांत अळंबी वेचायला घेऊन गेला होता.

"मावशी, जरा रागावून दाखवा की," टोपली ठेवत तो म्हणाला. "पाहुण्यांना तुमचा राग फार आवडतो."

एतेल्कानं टोपली उपडी केली. एकूण एक देठ सफाईनं कापलेला.

"कुणी कापले?"

"मीच. फोटोत माती बरी दिसत नाही हो."

ती एकेक अळंबं उचलून बघू लागली. बहुतेक हिरव्या कबुतरी होत्या, खायच्या जातीतल्या. इथल्या लोकांचा त्यांच्यावर भारी जीव. कबुतरीच्या टोपीखालचे पडदे अंगठा फिरवला की कडाकड मोडतात. नवव्या अळंब्याचे पडदे मोडले नाहीत, नुसते वाकले. उरलेल्या बोटभर देठावर पांढऱ्या झालरीची एक चिंधी लोंबत होती. तिनं ते वेगळ्या बशीत ठेवलं आणि बाकीची सगळी बादलीत लोटली.

"मावशी! एकासाठी सगळी?"

"एवढ्या एकानं माणूस मरतो!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या दोघींनी फोटो काढले.

"टाळ्या कसल्या पिटताय, मेल्यांनो? तमाशा आहे का हा?" एतेल्का गरजली. पाहुणे आणखी खूश झाले. कोर्नेलनं तिच्या बोलण्याचं काय भाषांतर केलं, देव जाणे.

तेवढ्यात तिचं लक्ष रिकाम्या टोपलीकडे गेलं. टोपली चांगली घागरीएवढी, वेचणारे नऊ जण, आणि अळंबी जेमतेम तीन पसे.

"बाकीची कुठायत?"

कोर्नेल बुटांकडे बघू लागला. "नऊलाच वर देऊन आलो. एक वाजता पानं मांडायची, शिजायला वेळ नको का?"

"चिठ्ठीशिवाय? माझ्या पोरीनं चिठ्ठीशिवाय चुलीवर चढवली?"

त्याच्या उत्तरासाठी ती थांबलीच नाही. दुखरा गुडघा घेऊन जिना चढताना पायरीगणिक तिला नवी शिवी सुचत होती. अळंबीवालीची पोर, आणि ही अक्कल! लोक तोंडात शेण घालतील. तिचं दुकान मी स्वतः बंद करवीन, मग बसू दे बोंबलत.

वर मोठ्या भांड्यात लालभडक रस्सा रटरटत होता. एनिको उकळत्या पाण्यात पिठाचे गोळे सोडत होती. एतेल्कानं खाडकन गॅस बंद केला.

"कार्टे, चिठ्ठी कुठाय?"

"आई, माणसं बघतायत."

"बघू देत! चिठ्ठी कुठाय म्हणते मी!"

आता एनिकोचंही डोकं फिरलं. स्वभाव आईकडूनच आलेला. "कसली चिठ्ठी? कोर्नेल म्हणाला, खाली आईनं सगळी बघून दिलीत. तू बघितलीस म्हटल्यावर वर आणि चिठ्ठी मागू? एकवीस वर्षांत तुझ्या नजरेतून एक सुटलं नाही, हे रोज कोण ऐकवतं मला?"

एतेल्काची नजर भांड्याशेजारच्या लाल चमच्यावर गेली.

"चाखलंस?"

"मग? मीठ न बघता वाढू?"

"किती?"

"दोन चमचे. मीठ घातल्यावर आणखी एक. छान उतरलंय."

छानच लागतं. ज्यांनी ज्यांनी खुनी अळंबं खाल्लं, त्यांनी हेच सांगितलं होतं. पाच-सहा तास, कधी त्याहूनही जास्त, काही म्हणजे काही होत नाही, आणि आतल्या आत यकृत सडायला लागतं. तिनं डाव घालून रस्सा ढवळला. सगळ्या फोडी सारख्याच लाल. आता जगातला कुठलाच जाणकार काही सांगू शकला नसता.

मागून कोर्नेल धापा टाकत आला. "कदाचित यात नसेलही, मावशी. तेवढं एकच असेल."

एतेल्कानं त्याची कॉलर धरली. "माझं नाव घेऊन खोटं बोललास? देठ कुठे टाकलेस, सांग!"

"रा... रानात."

"मग तुझं 'कदाचित'ही तिथंच पडलंय. फोन कर अ‍ॅम्ब्युलन्सला!"

एनिकोचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तिनं भांडं मोरीकडे उचललं, तशी एतेल्का ओरडली, "सांडू नको! डॉक्टरांना लागेल ते."

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये एतेल्का कोमट भांडं मांडीवर घेऊन बसली. पूल ओलांडेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

"मला काही होत नाहीये, आई," एनिको म्हणाली. "पोटात काही नाही. खरंच."

एतेल्का भांड्याच्या झाकणाकडे बघत राहिली.

"आई, ओरड ना गं. तू गप्प बसलीस की मला भीती वाटते."

एतेल्कानं छातीभर श्वास घेतला. "एप्रन काढायची अक्कल नाही तुला? बघ कशी दिसतेयस! अशा अवतारात दवाखान्यात जातात?" ती एवढ्या जोरात ओरडली की पुढचा ड्रायव्हर दचकला. एनिकोनं तिचा हात घट्ट धरला. एतेल्का ओरडतच राहिली, केसांवरून, कोर्नेलवरून, लहानपणी तिनं फोडलेल्या बरणीवरून, आणि दवाखान्याचं फाटक आलं तरी थांबायची तिची हिंमत झाली नाही.