पुढच्या सीटचा दिवा

आमच्या गाडीत पुढची सीट ह्यांची. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. मुलाने गाडी घेतली तेव्हा ह्यांचं स्टिअरिंग हातातून सुटलं ते तोंडात आलं. "गिअर टाक. डावीकडून सायकल येतेय, झोपलास का?" मी मागे बसून म्हणायची, "एक गाडी आणि दोन ड्रायव्हर. देवा, मला उतरव."

पोटाच्या ऑपरेशननंतर अन्न ह्यांच्या अंगी लागेना. डॉक्टरने सांगून ठेवलं होतं, वजन वाढलं तरच पुढचं औषध सोसेल, नाहीतर नाही. मी चंगच बांधला. सकाळी खीर, दुपारी मऊ भात, मध्येच अंडं. विचारेल त्याला सांगायची, "भरलेत आता. चेहरा बघा की!" पँटची बटणं मी आत आत सरकवत होते, ती गोष्ट वेगळी. शिंप्याला शिव्या घातल्या की भागायचं.

वजन करायला निघालो त्या दिवशी समोरचा पिवळा दिवा पेटला तो विझेचना.

"एअरबॅगचा आहे," मुलगा म्हणाला. "सेन्सर बिघडला असणार. आधी गॅरेजला दाखवू."

गॅरेजवाला टक्कल पडलेला, बोलघेवडा. त्याने वायरी हलवल्या, यंत्र लावलं, आणि डोकं खाजवलं.

"काका, जरा उतरता?"

हे दार धरून उतरले. गॅरेजवाला स्वतः बसला. दिवा विझला. मुलगा बसला. विझला.

"आजी, तुम्ही बसा बरं."

"आजी कोणाची रे? तुझ्या डोक्यावर एक केस नाही, माझी वेणी बघ." तरी बसले. दिवा विझला.

"माझ्यापुढे भलेभले विझतात," मी म्हणाले. हे हसले. मग परत आपल्या जागी बसले, आणि दिवा पेटला.

"बघ, तुझं यंत्र माणूस बघून वागतंय. बदल ते," मी गॅरेजवाल्याला म्हटलं.

गॅरेजवाला हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत होता. "सीटखाली वजन कळणारा सेन्सर असतो. लहान मूल बसलं तर एअरबॅगचा फुगा त्याच्या तोंडावर फुटू नये, म्हणून तो बंद राहतो आणि दिवा लागतो." मग हळूच, "बिघाड काही नाहीये."

"अरे, दोन स्वेटर आहेत त्यांच्या अंगात!" मी ओरडले. "दोन स्वेटर आणि वर कोट!"

ओरडले ती मीच, आणि ऐकूही मलाच आलं.

"दुसरा सेन्सर टाक," मी म्हटलं.

"दुसराही हेच सांगेल, मावशी. काकांना मागे बसवा, तेवढंच सुरक्षित."

हे स्वतःच उठले. एवढ्या वर्षांत पुढची जागा पाहुण्याला दिली नाही, जावयाला दिली नाही. मागे बसून त्यांनी माझी शाल पायांवर ओढली. मी पुढे बसले. दिवा गप्प झाला. गुडघे कुठे ठेवायचे कळेना, रस्ता अंगावर येत होता.

चौकात मुलाने गाडी हळू केली. दवाखाना उजवीकडे, घर डावीकडे.

"डावीकडे घे," मागून आवाज आला.

"बाबा, वजन करायचंय ना?"

"झालं की आत्ता. आणि गिअर टाक, झोपलास का?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. घरात माझ्या शब्दापुढे कुणाचं चाललेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी रागवावं, उजवीकडे बोट दाखवावं, म्हणून तो थांबला होता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

माझ्या मांडीवर खिरीचा डबा होता, दवाखान्यात रांगेत बसल्यावर भरवायला घेतलेला. अजून कोमट होता.

"ऐकू येत नाही का?" मी म्हणाले. "डावीकडे घे."