गायीने खाल्लेलं पुस्तक

इंग्लंडहून इलिनॉयच्या माळावर आल्यापासून जॉब टर्वी वसाहतवाल्यांसाठी छापलेल्या त्या मार्गदर्शक पुस्तकाच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. पुस्तकात होतं म्हणून त्याने नव्याने फोडलेल्या माळात गहू पेरला आणि गहू बुडाला. "आधी आलेल्या शेजारच्या हल्डामावशींना विचारा हो," असं सांगून बायको केझाया थकली.

मग एका सकाळी गायीने ते पुस्तक पुठ्ठ्यासकट खाल्लं. जॉब टोपी घालून शेजारी गेला, तेव्हा कुठे केझायाच्या जिवात जीव आला.

मावशींनी त्याच्या हातात कुऱ्हाड दिली. "गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या ढेकळांत हिने खाचा पाड नि मका टाक. पुस्तकाचं मनाला लावून घेऊ नकोस, बाबा. आमचं डुकरांनी खाल्लं, पलीकडच्यांचं चुलीत गेलं."

ते पुस्तक आज शोधून सापडत नाही, ते काही उगीच नाही.