धाकटीसारखं घर

थोरलीने स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला, धारेखाली हात धरला आणि तोंड वाकडं केलं.

"पाणी तर धो धो येतंय, मॅडम," एजंट म्हणाला.

"येतंय. पण माझ्या धाकट्या बहिणीकडे याहून जोरात येतं."

एजंटने मुकाट्याने नळ बंद केला. महिनाभर तो हिला घरं दाखवत होता आणि प्रत्येक घरात ही न पाहिलेली धाकटी त्यांच्याबरोबर यायची. बाल्कनी लहान, कारण धाकटीच्या बाल्कनीत टेबलखुर्च्या मावतात. उजेड कमी, कारण धाकटीकडे अंधार पडेपर्यंत दिवा लावावा लागत नाही. थोरलीच्या नवऱ्याने तर केव्हाच हात टेकले होते. "तू पसंत कर, मी सही करतो," असं म्हणून तो मोकळा झाला होता.

खरं सांगायचं तर थोरलीला दुसरं कुठलं घर नकोच होतं. तिला धाकटीचं हवं होतं. लहानपणापासून हे असंच. केस धाकटीचे लांब, गळा धाकटीचा गोड, आणि नवराही धाकटीलाच असा मिळालेला की कंपनी त्याला देशोदेशी पाठवते. गेल्या वर्षभरात थोरली जेव्हा जेव्हा तिच्याकडे गेली तेव्हा स्वारी आपली दौऱ्यावर. हॉलमध्ये बसून थोरली चहा प्यायची आणि म्हणायची, "मजा आहे बाई तुझी!" त्यावर धाकटी हसून विचारायची, "खरंच वाटतं तुला?" ते विचारणंही थोरलीला मिरवल्यासारखं वाटायचं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घरी येऊन ती भांडी आपटायची आणि नवऱ्याला बिचाऱ्याला कळायचंच नाही, आपलं चुकलं काय ते.

"एक घर आहे," एजंट डोकं खाजवत म्हणाला. "तुम्ही सांगता तस्संच. मालकीणबाईंना गवगवा नकोय, म्हणून फोटोसुद्धा काढू दिले नाहीत. आत्ता त्या कामावर असतील. किल्ली माझ्याकडे आहे."

"कुठे आहे?"

"गाडीत बसा, पोचल्यावर कळेल."

हा त्याचा धंद्याचा नियमच होता. आधी पत्ता सांगितला की गिऱ्हाईक परस्पर मालकाला गाठतं आणि एजंट बसतो हात चोळत.

गाडी मोठा रस्ता सोडून गल्लीबोळांतून निघाली. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान दिसलं तशी थोरली ताठ बसली. अगंबाई, हा तर धाकटीचाच भाग! तिच्या शेजारी घर घ्यायचं, जमलं तर एक मजला वरच. नुसत्या कल्पनेनेच तिला गारगार वाटलं. एजंटने मागच्या फाटकाशी गाडी लावली, मागच्या लिफ्टने तिला वर नेलं आणि जुडग्यातली एक किल्ली निवडून दाराला लावली.

दाराबाहेर निळं पायपुसणं होतं, एका कोपऱ्यात उसवलेलं. धाकटी इथे राहायला आली तेव्हा ते थोरलीनेच दिलं होतं, मुद्दाम स्वस्तातलं.

"या ना, मॅडम. बाहेरच का थांबलात?"

थोरलीने ओळखलं, हे धाकटीचंच दार. मागे फिरावं असं वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते एवढंच, की हे घर माझं होऊ शकतं. हेच! ती आत शिरली.

हॉल ओळखीचा होता. एजंटने आतल्या खोलीचं दार ढकललं. हे दार वर्षभर बंदच असायचं. "आतला पसारा नको बघूस," म्हणत धाकटी ते ओढून घ्यायची, आणि थोरलीला वाटायचं, काहीतरी भारी आणून ठेवलंय आणि आपल्याला दाखवत नाही.

खोलीत पलंग नव्हता. जमिनीवर एक गादी आणि एक उशी. एजंटने सवयीने कपाट उघडून दाखवलं. एका बाजूला धाकटीचे कपडे घड्या घालून ठेवलेले, दुसऱ्या बाजूला नुसते रिकामे हँगर.

"कपाटात जागा भरपूर आहे," तो म्हणाला.

"विकतायत कशाला?"

"नवरा वेगळा झाला. वर्ष होऊन गेलं. घर दोघांच्या नावावर आहे आणि आता त्याला त्याचा वाटा हवाय." घरात तिसरं कुणी नसतानाही एजंटने आवाज खाली आणला. "कुणाला बोलू नका हं. बाईंनी बजावून ठेवलंय. म्हणाल्या, मला एक बहीण आहे. माझं छान चाललंय असं वाटणारं तेवढं एकच माणूस उरलंय. तिला कळता कामा नये."

गादीवरची चादर एका बाजूने घसरली होती. ती नीट करायला थोरली वाकली आणि तिने हात मागे घेतला. धाकटीच्या ते लगेच लक्षात आलं असतं.

"मग, बोलू का मालकीणबाईंशी?"

"नको. मला नाही आवडलं. आणि मी इथे आले होते हेही त्यांना सांगू नका. माझं नावसुद्धा काढू नका."

एजंटने कपाळाला हात लावला.

"तुमच्या बहिणीसारखं घर या शहरात दुसरं नाहीच, मॅडम!"

खाली फाटकाशी पोचते तोच थोरलीचा फोन वाजला. धाकटी.

"ताई, मिळालं का गं घर?"

थोरलीने डोळे पुसले, फोन लांब धरून घसा साफ केला. आवाज रोजच्यासारखा खवट यायला हवा होता.

"कसलं मिळतंय! एक धड नाही. सगळ्यांना तुझ्यासारखं नशीब असतं थोडंच? बसलीयस महालात, नवरा हिंडतोय देशोदेशी. मी मेली नुसती जळते तुझ्यावर."

पलीकडून धाकटी हसली.

"खरंच?"

"नाहीतर काय," थोरली म्हणाली. "संध्याकाळी येते चहाला. तेव्हा परत एकदा जळून घेते."