न मागितलेला गोल

आमच्याकडे किरिबासमध्ये, बेसोच्या धक्क्यावर एखादा रिकामी होडी घेऊन परतला, की मासे साफ करणाऱ्या बायका लांबूनच ओरडतात, "काय रे, फुटसाल खेळून आलास का?" मग सगळा धक्का हसतो. मी हसत नाही. त्या संघाचा प्रशिक्षक मी आहे.

फुटसाल म्हणजे पाच-पाच जणांचा, छपराखालचा फुटबॉल. आमच्याकडे छप्पर नाही. शाळेमागे सिमेंटचा एक चौकोन आहे, त्यावर आमची पोरं अनवाणी खेळतात. वारा सुटला की चेंडू खाडीत जातो आणि उरलेला सराव पोहण्याचाच होतो. आसपासच्या बेटदेशांच्या स्पर्धेत आम्ही जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा हरलो. विजय सोडा, साधी बरोबरी नाही. गुणफलकावरचा माणूस आमचा सामना लागला की आधी बोटं मोडून घेतो.

या खेपेला स्पर्धेसाठी सुवाला निघायच्या आधी मानेआबात, म्हणजे आमच्या सभेच्या घरात, संघाला निरोप द्यायला सगळे जमले. म्हातारे तेकाई उठून उभे राहिले. ते बोलायला लागले की कुत्रीसुद्धा गप्प बसतात.

"तमुएरा," ते म्हणाले, "आम्ही फार मागत नाही. एक गुण आण. एक बरोबरी. नाहीतर पुढच्या वेळी विमानात तुमच्या जागेवर वेटलिफ्टर बसतील. ते पडले तरी एकटेच पडतात, देशाला घेऊन पडत नाहीत."

सगळं मानेआबा हसलं. मी रागाने उठलो आणि म्हणालो, "आणतो!" शब्द गेला तोंडातून. त्या क्षणापासून पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच. विमानातही मी तीनदा उठलो, शेवटी हवाई सुंदरीने मला पट्टा बांधूनच बसवलं.

सुवात पहिले सगळे सामने आम्ही शिस्तीत हरलो. शेवटचा उरला तुवालूशी. तुवालू आमचे शेजारी, आमच्यासारखेच फाटके, आमच्यासारखेच समुद्रात अर्धे बुडालेले. जे काही व्हायचं ते इथेच होणार होतं.

त्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या जेवणघरात पोरं पाव आणि डब्यातलं मटण खात होती. मी हातात चहा घेऊन टेबलांभोवती फेऱ्या मारत होतो. आमचा गोलरक्षक रुआतेकी पिवळे हातमोजे घालूनच पाव खात होता. त्याचा भाऊ जर्मन जहाजावर खलाशी आहे, त्याने ते मोजे हॅम्बुर्गहून आणलेले. अख्ख्या किरिबासमध्ये तसे दुसरे नाहीत.

तेवढ्यात दारातून तुवालूचा गोलरक्षक आत आला. बरानिको त्याचं नाव, नुई बेटाचा. तुवालूच्या सगळ्या बेटांत एका नुईवर आमची बोली चालते, कारण कधीकाळी आमचेच लोक होड्या घेऊन तिथे गेले आणि तिथलेच झाले.

"मौरी," म्हणून त्याने सगळ्यांना नमस्कार केला, आणि चार खुर्च्या रिकाम्या असताना जमिनीवर मांडी घालून बसला.

सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. पाहुणा खुर्ची सोडून जमिनीवर बसला की तो काय घेऊन आलाय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"रुआतेकीदादा," तो मान खाली घालून म्हणाला, "काल माझे मोजे फाटले. पार चिंध्या झाल्या. बुबुसी घेऊन आलोय."

बुबुसी म्हणजे मागणं. पण असं मागणं, की समोरच्याला नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर ती लाज नातवंडांना पुरते. बुबुसीत लोकांच्या होड्या गेल्यात, शिलाई मशीन गेल्यात, माझ्या चुलत्याचं तर घराचं छप्पर गेलंय. म्हणून आमच्यात शहाणा माणूस चांगली वस्तू मिरवत नाही.

"अरे ए, शहरात दुकानं उघडी आहेत!" मी मागून ओरडलो. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

रुआतेकीने एकेक बोट सोडवत मोजे काढले, पावाचा चुरा झटकला आणि त्याच्यापुढे धरले. "घे. डावा जरा सैल आहे, सांभाळून."

"डावा सैल," बरानिकोने मान डोलावली आणि गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे गाढवा, आज दुपारी तो आपल्याविरुद्ध उभा राहणार आहे! तुझेच मोजे घालून!"

"मग काय करायचं होतं, काका?"

"दडवायचे होते! गादीखाली! चड्डीत!"

"तुम्हीच म्हणालात ना, हाताला सवय होऊ दे, दिवसभर घालून फिर."

पोरं टेबलाखाली तोंडं घालून हसली. मी चहा तसाच ठेवून बाहेर गेलो आणि वसतिगृहाला प्रदक्षिणा घालत बसलो.

दुपारी सामना सुरू झाला. रुआतेकी उघड्या हातांनी उभा. समोर लांब बरानिकोचे ते पिवळे पंजे लखलखत होते, आणि मला चेंडू दिसेचना, मोजेच दिसत होते. पहिला गोल आमच्या कौरेने केला. मी इतका उडालो की पंचाने मला रेघेबाहेर ढकललं. मग त्यांनी एक केला. मग आणखी एक, सरळ रुआतेकीच्या घामेजल्या तळव्यांतून घसरून. मोजे असते तर चेंडू तिथेच चिकटला असता. मध्यंतराला ते दोन, आम्ही एक.

पोरं पाणी पीत बसली. त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं, पण माझं डोकं दुसरीकडेच धावत होतं. बुबुसीची वाट दोन्ही बाजूंनी चालते. ज्याने आमच्याकडून घेतलं, त्याच्याकडे आम्हालाही मागता येतं. आणि त्यालाही नाही म्हणायची सोय नाही.

मी उठलो. "कुठे चाललात काका?" कौरेने विचारलं. "लघवीला," मी म्हणालो.

बोळात नळापाशी बरानिको एकटाच उभा होता, पकड यावी म्हणून मोजे ओले करत होता. मला पाहिलं आणि त्याने नळ बंद केला. मान खाली घातली. थांबला. माणूस मागायला आलाय हे आमच्या लोकांना चालीवरून कळतं, आणि माझी चाल तर त्या दिवशी आंधळ्यालाही कळली असती.

"काका," तो हळूच म्हणाला, "आई आलीय बघायला. इथे सुवातच असते, थोरल्या बहिणीकडे. माझा खेळ पहिल्यांदाच बघतेय."

विनवणी नव्हती त्यात. नुसतं सांगितलं त्याने. मागायचं असेल तर माग, पण हेही ऐकून ठेव, असं.

दोनच शब्द होते माझ्या जिभेवर. "एक सोड." एक गोल. बस. तेकाई म्हातारा डोळ्यांपुढे आला, धक्क्यावरच्या बायका आल्या, विमानातल्या आमच्या खुर्च्यांत रुतून बसलेले वेटलिफ्टर आले. माझ्या पोरांचे अनवाणी, सिमेंटने सोललेले पाय आले. मला रडायला येत होतं आणि त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशीही वाटत होती.

"पाणी आहे का?" मी विचारलं.

त्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्याने त्याची बाटली दिली. मी ती सगळी पिऊन टाकली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि परत आलो.

मध्यंतरानंतर रुआतेकी उघड्या हातांनी असा खेळला की त्याचे तळवे लाल झाले. पुढे बरानिकोही भिंतीसारखा उभा. त्याने तीन चेंडू असे अडवले की मी देवाला शिव्या दिल्या. घड्याळ संपत आलं. मी बसलो, उठलो, बसलो. पंच माझ्याकडे बघायचाच थांबला होता.

शेवटच्या मिनिटात कौरेला चेंडू मिळाला. लांबून. पुढे वाट नव्हती म्हणून त्याने नुसता मारला. फटका सरळ होता, फारसा जोराचाही नव्हता. बरानिको डावीकडे झुकला, पिवळा पंजा खाली गेला, आणि चेंडू त्याच्या डाव्या मोज्याखालून जाळ्यात.

दोन-दोन.

पोरं एकमेकांवर कोसळली. राखीव पोरं माझ्या अंगावरून उड्या मारत गेली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी जागेवरून हललो नाही. मी बरानिकोकडे बघत होतो. तो उठून बसला, डावा मोजा हातात फिरवून पाहिला, मनगटापाशी ओढून घट्ट केला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. सामना संपल्यावर हात मिळवतानाही नाही.

आमचा पहिला गुण! पोरं बसमध्ये गात होती, बसचालक गात होता. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात तो फटका पुन्हा पुन्हा बघत होतो. सैल होता डावा. खरंच सैल होता, रुआतेकीने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण त्याआधीचे तिन्ही चेंडू त्याने त्याच मोज्याने अडवले होते.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तुवालूची पोरं आमच्या शेजारच्याच रांगेत होती. मी रांग सोडून गेलो.

"बरानिको, खरं सांग. सोडलास का तो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मागितलं होतं का, काका?"

"नाही."

"मग मी देणार कसा?"

बरोबर होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला थांबणं कुठे येतं?

"पण मी कशाला आलो होतो ते तुला कळलं होतं. न मागताच दिलंस का? आईसमोर? अरे, सांग ना! मला घरी जाऊन तोंड दाखवायचंय!"

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आणि त्या गर्दीत, सामानाच्या गाड्या दोन्ही बाजूंनी जात असताना, फरशीवर मांडी घालून बसला.

मी माझीही पिशवी खाली ठेवली.

"काका," तो मान खाली घालून म्हणाला, "बुबुसी आहे."

"माग."

"हे मला पुन्हा कधी विचारू नका."

आमच्यात याला एकच उत्तर आहे.

"दिलं," मी म्हणालो.

घरी आमचं स्वागत असं झालं की जणू विश्वचषकच आणला. तेकाईंनी मला आपल्या शेजारच्या चटईवर बसवलं. वेटलिफ्टर आता मला रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. सिमेंटच्या चौकोनात लहान पोरं रोज तोच गोल पुन्हा खेळतात. एकजण कौरे होतो, एकजण बरानिको, आणि बरानिको झालेला पोरगा डावा हात मुद्दाम हळू खाली नेतो. तेवढं दिसलं की मी उठून चालू लागतो.

धक्क्यावरच्या बायका आता रिकाम्या होडीवाल्याला काही वेगळंच ओरडतात. मी मात्र तुवालूहून जहाज येणार असलं की धक्क्याकडे फिरकत नाही. त्यात नुईचा कुणी असेल, कदाचित तोच असेल, आणि समोर आला तर मी विचारीन.