काल्पाकिसांच्या घरचा हाट्झी

आमच्या गावात ज्याने जेरुसलेमची यात्रा केली, जॉर्डन नदीत बुडी मारली, त्याच्या आडनावापुढे ‘हाट्झी’ लागतं आणि मग ते पिढ्यानपिढ्या हलत नाही. म्हणून एक घर काल्पाकिसांचं, दुसरं हाट्झीकाल्पाकिसांचं. त्यांच्यातलाच एक जण अथेन्सला जाऊन शहरी थाटात काल्पाकोपुलोस झाला. त्याचं शहाणपण त्याला लखलाभ.

हाट्झीवाल्यांचा तोरा मी तीस वर्षं बघतेय. मी गावच्या पाद्र्याची बायको, त्यामुळे चर्चमध्ये कोण कुणाच्या पुढे घुसतं ते मला चांगलं ठाऊक. त्या घरची म्हातारी पोलिक्सेनी काल्पाकिसांच्या स्त्रातोसला बघितलं की नाक मुरडायची. "माझे सासरे आणि ह्याचा बाप सख्खे भाऊ," ती सांगायची, "पण पुण्य आमच्याच वाट्याला आलं."

आणि मग तिचा मुलगा अनेस्तिस, वय वर्षं त्रेचाळीस, तंबाखूची पानं ओवता ओवता स्त्रातोसच्या मुलीच्या, झोग्राफियाच्या प्रेमात पडला. पोलिक्सेनीने तोरा गुंडाळून ठेवला आणि लग्नाची तारीख विचारायला आमच्याकडे आली.

माझ्या यजमानांनी बोटं मोजली. "दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. हे लग्न लागत नाही, बाई. बिशप परवानगी देणार नाहीत."

पोलिक्सेनीचा चेहरा उतरला. ती खुर्चीत बसली. म्हणाली, "स्त्रातोसला बोलवा."

तो आला. दोघं माझ्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसली. मी कॉफी ठेवली.

"तू सांग," ती म्हणाली.

"मी का? तुझ्या घरचं आहे, तू सांग."

"माझ्या घरचं? मग पळालं कोण?"

"बाई, तोंड सांभाळ!"

"चाळीस वर्षं सांभाळलं, स्त्रातोस! आता पुरे." ती यजमानांकडे वळली. "सख्खे-बिख्खे भाऊ कुणी नव्हते, पाद्रीबाबा. ह्याचा बाप दुखण्यातून उठला आणि जेरुसलेमच्या यात्रेचा नवस बोलला. बंदरावर गेला, समुद्र बघितला आणि हातपाय गाळून बसला. माझे सासरे त्याचे खेचरवाले. ‘माझ्या वतीनं तू जा’ म्हणून त्यांना बोटीत चढवलं आणि मालक चौथ्या दिवशी घरी हजर!"

"आणि सासऱ्यांना स्वतःचं आडनावही नव्हतं, ते सांग की," स्त्रातोस फणकारला.

"नव्हतं. परत आले तेव्हा लोक म्हणायला लागले, हा काल्पाकिसांचा हाट्झी. तेच चिकटलं."

पुढे लढाया झाल्या, गाव जळलं, माहीतगार मेले किंवा परागंदा झाले. मालकाला भित्रा म्हणवून घ्यायचं नव्हतं, खेचरवाल्याला नोकर. दोघांनी संगनमत करून सांगून टाकलं, आम्ही भाऊ. मी तीस वर्षं ह्या घराण्याला मान देत होते! मला हसू आवरेना. यजमानांनी डोळे वटारले.

"हे लिहून द्यावं लागेल," ते म्हणाले. "दोघांच्या सह्या. आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचणार."

"सगळ्यांसमोर?" दोघं एकदम ओरडली.

पोलिक्सेनीने खिडकीतून पाहिलं. बाहेर अनेस्तिस उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, परीक्षेला बसल्यासारखा. तिला दमा होता, गुडघे गेले होते. तिचा आवाज एकदम खाली आला. "मी गेल्यावर ह्याला गरम जेवण कोण वाढणार हो? द्या ते पेन."

तिने सही केली. यजमानांनी विचारलं, "यात्रा दुसऱ्याच्या नावची, मग आता नावातलं हाट्झी काढायचं ना?"

तिने मान खाली घातली. माझं हसू कुठल्या कुठे पळालं. स्त्रातोसला आयुष्यभराचा सूड उगवायची आयती संधी होती आणि तो उगवणार, अशी माझी खात्रीच होती.

त्याने पेन ओढून घेतलं. "कशाला काढायचं? बोटीत कोण बसलं? नदीत बुडी कुणी मारली? माझा बाप नव्हे. लिहा हाट्झीकाल्पाकिसच." आणि बापाच्या भित्रेपणाखाली त्याने ठसठशीत सही ठोकली.

पोलिक्सेनीचे डोळे भरले. भांडायच्या तयारीने बसलेल्या बाईने कॉफीचा कप त्याच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, "व्याही, मी समुद्र कधी पाहिला नाही. पण फार मोठा असणार हो. कुणीही घाबरलं असतं."