ध्रुवपदाआधीचा श्वास

स्पंजचा तो तुकडा हिरवा होता, आणि तो हिरवा आहे ही गोष्ट हॉवर्डच्या मनातून काही केल्या जात नव्हती. जुना पिवळा होता — डेरेकच्या आईच्या भांडी घासायच्या स्पंजातून कापलेला, बोटभर रुंद, बास गिटारच्या तारांखाली घोडीपाशी दाबून बसवलेला, म्हणजे सूर लांबत नाही, ठक् करून पडतो आणि तिथंच विझतो. सकाळी पेटी उघडली तेव्हा तो जागच्या जागी भुगा झालेला होता. फुंकर मारली तर उडाला. मग ध्वनिमुद्रण करणाऱ्या फ्रेयानं स्टुडिओच्या स्वयंपाकघरातून हा हिरवा कापून आणला, आणि कानांना हेडफोन लावून म्हणाली, "तंतोतंत!" तंतोतंत... पन्नास वर्षांचा स्पंज भुगा होतो आणि दुसरा पाच मिनिटांत त्याच्या जागी बसतो, आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

पत्ता लागू नये हेच तर काम होतं. जुनी टेप कंपनीच्या मालकीची. 'बोट हॉर्स', म्हणजे कालव्यातली नाव ओढणारा घोडा, हे गाणं बँडचं, शब्द डेरेकचे, चाल हॉवर्डची, पण चौऱ्याहत्तर साली बर्मिंगहॅमच्या तळघरात उमटलेला तो आवाज मात्र कंपनीचा. म्हणून तेच गाणं तसंच्या तसं पुन्हा मुद्रित करायचं, म्हणजे नवी टेप आपली. ड्रम आणि गिटारवाले भाड्याचे, काल आपापले भाग वाजवून घरी गेले. गाणाऱ्या डेरेकला जाऊन तीन वर्षं झाली. मूळच्या चौघांपैकी उरला एकटा हॉवर्ड रेबोल्ड, वय त्र्याहत्तर, आणि विलनहॉलमधल्या कुलुपांच्या जुन्या कारखान्यातला हा स्टुडिओ, जिथं खिडक्यांना अजून गज आहेत.

काचेपलीकडे डेरेकच्या जागी गॅरेथ उभा होता. स्वान्सीचा. वीस वर्षं बस चालवली, शनिवारी पबांतून डोक्यावर विग घालून डेरेकची गाणी म्हटली, आणि आता विगाशिवाय डेरेक झाला होता. माणूस चांगला होता, त्याच्यावर रागावायला जागा नव्हती, आणि हीच तर अडचण होती.

"हॉवर्ड," फ्रेया म्हणाली, "शेवटच्या ध्रुवपदाआधी डेरेक श्वास घेतो ना, तो मी मोजला. एक सेकंद आणि वर थोडा. मध्ये अडखळल्यासारखा. गॅरेथचा फार सरळ येतोय."

"माझा श्वास सरळच आहे, त्याला मी काय करू?" गॅरेथ माइकमधून म्हणाला. "बसमधले लोक निदान थांब्यावर उतरतात. हा बाबा उतरायलाच तयार नाही माझ्यातून!" मग हसू आवरून, "खरंच सांगा हॉवर्ड, तुम्ही होतात तिथं. त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललं होतं? ते कळलं तर येईल मला."

"दमला होता," हॉवर्ड म्हणाला. "सत्ताविसावी खेप होती."

हे खरं होतं. सत्ताविसावीच होती. पंचविसावी आणि सव्विसावी यांच्यामध्ये हॉवर्ड लघवीला गेला होता, आणि परत येताना बोळात फोन वाजत होता — तपकिरी भिंत, फोनशेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल — आणि आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून त्यानं तो उचलला. बाईचा आवाज. डेरेकच्या बाबांना कारखान्यातून हॉस्पिटलमध्ये नेलंय, छातीत कळ आली, डॉक्टर म्हणतात लवकर या. सांगतो, हॉवर्ड म्हणाला. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. डडलीच्या हॉस्पिटलचा रस्ता अर्ध्या तासाचा. तो आत गेला, बास गळ्यात अडकवला, आणि ड्रमवाल्याकडे पाहून मान हलवली.

एवढंच. त्या मान हलवण्याआधी मी काय विचार केला? पन्नास वर्षं हॉवर्ड तो बोळ पुन्हा पुन्हा चालला होता, फोनपासून दारापर्यंत अकरा पावलं, आणि त्या अकरा पावलांत सापडायला हवा होता एखादा विचार — पाच वाजता स्टुडिओ सोडायचाय, आत्ता कुठं गाणं तापतंय, एकच खेप, बाबा काय, दणकट गडी, उठतील — पण हे सगळे विचार त्यानं मागाहून तिथं नेऊन ठेवलेले होते, हे त्याला माहीत होतं. खरोखर आठवायची ती एकच गोष्ट. भूक लागली होती. पोटात खड्डा पडला होता आणि कुठंतरी कांदा परतल्याचा वास येत होता.

सव्विसावी बिघडली. सत्ताविसावी लागली. चार वाजता डेरेक घामेजलेला बाहेर आला आणि हॉवर्ड त्याला म्हणाला, "आत्ताच फोन आला होता, डेरेक..." बाबा तीन पन्नासला गेले होते. आत्ताच. त्या एका शब्दावर सगळी उमर गेली — किती गावं, किती मंच, डेरेकची दोन लग्नं, हॉवर्डचं एक — आणि डेरेकनं कधी काही विचारलं नाही. त्याच्या शेवटच्या आजारात उशाशी बसलेला असताना हॉवर्डला वाटलं होतं, आता सांगावं. नर्स आली. मग त्याला झोप लागली. मग...

"पाहुण्या आल्या," गॅरेथ काचेआडून म्हणाला. "मीच बोलावलंय. त्यांच्या तोंडून 'जमलं' ऐकल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही."

एनिड दारात उभी होती. डेरेकची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगात नेहमीचाच निळा कोट, हातात पत्र्याचा डबा. ती वर्षातून दोनदा भेटायची, नाताळात आणि डेरेकच्या वाढदिवसाला, आणि प्रत्येक वेळी माणसं भोवती असायची. तशी ती असतील याची काळजी तो घेत आला होता.

"काय रे पोरा, वाळलास की," ती म्हणाली. "ब्रेड पुडिंग आणलंय. आईचंच, पण बेदाणे कमी. डॉक्टरला बेदाणेही खुपतात माझे."

तिनं कोट न काढताच गाणं ऐकलं. गॅरेथनं जीव ओतला. संपल्यावर तो बाहेर आला आणि परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा तिच्यापुढे उभा राहिला.

"गातोस छान, बाळा," एनिड म्हणाली. "डोळे मिटले तर तोच. म्हणून मी मिटले नाहीत."

गॅरेथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते कौतुक म्हणूनच घेतलं. मग तो आणि फ्रेया कोपऱ्यावरून चिप्स आणायला गेले, आणि खोलीत दोघंच उरली, मध्ये तो डबा.

आता, हॉवर्डला वाटलं. आणि वाटलं एवढ्यात तोंडातून गेलंसुद्धा, आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. "एनिड, त्या दिवशी तुझा फोन... तो मी घेतला होता."

ती सुरीनं पुडिंगचे चौकोन पाडत होती. सुरी थांबली नाही.

"ठाऊक आहे मला. डेरेकनं सांगितलं होतं."

"डेरेकनं?"

"दाराला काच होती ना. त्याला दिसला होतास तू, फोनपाशी. तू आत आलास तेव्हा तोंड कसं झालं होतं तुझं, तेही दिसलं म्हणे. घरचंच काहीतरी असणार, हे त्यानं ओळखलं." तिनं एक चौकोन कागदावर ठेवून त्याच्याकडे सरकवला. "मी म्हटलं, मग विचारलं का नाहीस? तर म्हणाला, विचारलं असतं तर जावं लागलं असतं."

हॉवर्डला आधी काहीच वाटलं नाही. मग एक हलकेपणा आला, लाज वाटावी इतका — म्हणजे एकटा मीच नव्हे, तोही, काचेतून पाहून, ओळखून, त्यानं तो श्वास घेतला आणि गायला... आणि त्यामागोमाग संताप. पंचेचाळीस वर्षं एका गाडीत बसून! सांगायचं होतंस की रे, निम्मं तर तुझं होतं! तो हे मोठ्यानं बोलणार होता बहुतेक. पण एनिड बोलत होती, त्याच आवाजात, बेदाण्यांबद्दल बोलावं तशी.

"गंमत बघ हॉवर्ड. तो मरेपर्यंत त्याचंच घेऊन बसला होता, मी असं केलं, मी तसं केलं. तूही तसाच असशील. वाळलायस त्यावरूनच दिसतं. पण मी तिथं एकटी होते. आईला दम्यामुळं घरीच ठेवलेलं. बाबा दाराकडं बघत होते, आणि दर वेळी दार उघडलं की मी म्हणायची, आला हं, आला. चाळीस मिनिटं. दोघांपैकी एकानंही मला कधी विचारलं नाही की ती चाळीस मिनिटं कशी गेली."

"एनिड, मी—"

"खा ते. वाळून जाईल."

त्यानं खाल्लं. बाहेर जिन्यावर गॅरेथचं हसू आणि व्हिनेगरचा वास दोन्ही एकदम आले, आणि एनिडनं डब्याचं झाकण लावलं, बसची वेळ झाली म्हणाली. दाराशी गॅरेथनं तिला मिठी मारली. हॉवर्डला तिनं खांद्यावर थोपटलं, जसं ती नेहमी थोपटायची. त्यात जास्त काही नव्हतं आणि कमीही नव्हतं.

"एक शेवटचा करू?" फ्रेया म्हणाली.

लाल दिवा लागला. हॉवर्डची बोटं आपोआप चालू लागली, ठक् ठक्, आणि सवयीप्रमाणं तो बोळात शिरला — पण तपकिरी भिंत कुठं गेली? पेन्सिल? तो फोनच्या पलीकडच्या टोकाला होता. हॉस्पिटलच्या दाराशी फोनचं अरुंद खोकं, अठ्ठावीस वर्षांची एनिड, हातात दोनच नाणी, एक टाकलेलं आणि एक मुठीत घाम आलेलं. ती बोलतेय, लवकर पाठवा, आणि पलीकडून एक पोरगा म्हणतो, सांगतो. ती थँक्यू म्हणते. हे त्याला कधीच आठवलं नव्हतं. ती थँक्यू म्हणाली होती. आणि रिसीव्हर ठेवून ती धावत निघते, बाबांना सांगायला की निरोप पोचला...

काचेपलीकडे गॅरेथनं छाती भरून श्वास घेतला, मध्ये अडखळत, एक सेकंद आणि वर थोडा. फ्रेयानं टाळी वाजवावी तसे हात वर केले. हॉवर्ड वाजवत होता, त्याचा एकही ठोका चुकला नव्हता, आणि तो एनिडच्या मागोमाग त्या लांबच लांब वॉर्डमधून चालला होता, खाटांच्या दोन ओळींमधून, आणि तिला हाक मारायला त्याच्यापाशी आवाज नव्हता.