शेजारची सीट

या सगळ्या उद्योगात धाकट्याला मिळणार होतं ते एवढंच, की बाबा एकदा तरी "जमलं हं तुला" म्हणतील. बाबांना आपल्या गाडीतून डोंगर चढून जाता येणार होतं. आणि मिस्त्रीला मिरवायला एक गाडी मिळणार होती, कारण असल्या चिमुकल्या गाडीत एवढं दांडगं इंजिन बसवणारा त्याच्या ओळखीत दुसरा कुणी नव्हता. तिघांच्याही पदरात काही ना काही पडणार, नुकसानीत कुणीच नाही. अशा वेळी माणसाने जरा दबकूनच असावं. पण खुशीत असलेली माणसं दबकतात कुठे?

डोंगराचं प्रकरण जुनं होतं. बाबांचे थोरले भाऊ वरच्या गावात राहायचे. बाबांनी ही दोन दारांची गाडी घेतली तेव्हा थोरले म्हणाले होते, "हे खेळणं माझ्या दारात आणून उभं कर, मग तुला मानलं." गाडी दर वेळी मधल्या वळणावर उकळायची आणि बाबा बसने वर पोचायचे. थोरले टोमणा मारायचे नाहीत. बाबांच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघायचे आणि अगदी साळसूदपणे विचारायचे, "गाडी मागून येतेय का?"

आता थोरल्यांना खाली उतरवत नव्हतं, आणि ऑपरेशननंतर बाबांचा एक गुडघा वाकायचा कायमचा थांबला होता. ताईने सुचवून पाहिलं, "भाड्याची मोठी गाडी करू या की बाबा."

"भाड्याच्या गाडीने जायचं तर मी घरीच बरा."

म्हणून धाकट्याने अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आणलं आणि मिस्त्रीने बॉनेट काढून ठेवलं.

वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जळायला नकोत म्हणून सीटा आधीच बाहेर निघाल्या. ड्रायव्हरच्या शेजारची सीट गॅरेजच्या फरशीवर, पंख्याखाली ठेवली होती. बाबा रोज सकाळी यायचे आणि तिच्यावर बैठक मारायचे, न वाकणारा पाय समोर लांबच लांब पसरून. ग्राइंडर घेऊन, पत्रा घेऊन, चहा घेऊन जो तो तो पाय ओलांडून जायचा.

"बाबा, पाय जरा आवरा की."

"आवरता आला असता तर तुला एवढे कष्ट कशाला दिले असते?"

मिस्त्री हसायचा. तोही ओलांडूनच जायचा.

इंजिन जागेत उतरवलं तेव्हा ते स्टेअरिंगच्या दांड्याला भिडलं. मिस्त्रीने ते पलीकडच्या बाजूला सरकवलं, तर तिकडे सायलेन्सरचा पाइप पत्र्याला टेकला. म्हणून शेजारच्या सीटपुढचा पत्रा कापला आणि आतल्या बाजूला एक पेटी ठोकून पाइपला जागा केली. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग लोखंड. काम देखणं होतं, सांध्यावरून बोट फिरवलं तरी अडकत नव्हतं.

"ड्रायव्हरचे पाय मोकळे राहिले पाहिजेत," मिस्त्री म्हणाला. "शेजारच्याला काय, नुसतं बसायचं." तो स्वतः आत उकिडवा बसला आणि खूश होऊन बाहेर आला. मिस्त्री अंगाने एवढासा.

इंजिन सुरू झालं तेव्हा पत्र्याचं छप्पर थरथरलं. धाकट्याने बाबांकडे पाहिलं.

"आधी वर पोचू दे," बाबा म्हणाले, "मग बोलतो." पण डोळे चकाकत होते. जुनं इंजिन त्याच दिवशी भंगारात गेलं, वितळायला.

सीट सगळ्यात शेवटी बसवली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पाठमोरे होऊन ते सीटवर टेकले, वळले, आणि टाच पेटीवर आपटली. पुन्हा वळले. धाकट्याने घोटा धरून तिरका केला, ताईने पाठीला आधार दिला. पाय दारातून बाहेरच राहिला. सीट शेवटच्या भोकापर्यंत मागे सरकवली, तर बाबाच दाराच्या मागे गेले आणि पाय आत वळेना. मागच्या सीटवर तर चढायचीही सोय नव्हती.

"पेटी कापू या," धाकटा म्हणाला.

"कापून पाइप कुठे नेऊ? इंजिन पुढे घेतलं तर रेडिएटर रस्त्यावर." मिस्त्रीने टेप खिशातून काढला, पाहिला, परत ठेवला. "सगळं मोजलं होतं हो."

"मी इथेच तर होतो," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर धाकट्याला बरं वाटलं असतं. मग ते म्हणाले, "थोरल्याला फोन केलाय मी. दारात येऊन बसला असेल. तू जा."

"तुम्हाला सोडून?"

"गाडी दारात उभी करायची, एवढंच ठरलं होतं. जा."

धाकटा निघाला. मधल्या वळणावर गाडी उकळावी असं त्याला मनापासून वाटत होतं. उकळली असती तर माघारी फिरता आलं असतं. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. गाडीने तो चढ असा काही घेतला की एरवी त्याने शीळ घातली असती.

थोरले काठी टेकत फाटकाशी आले. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. "मानलं बुवा," असं म्हणत ते वाकून शेजारच्या काचेतून आत बघायला लागले, बघतच राहिले. मग सरळ झाले आणि धाकट्याच्या खांद्यावरून उतारावरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"आणि तो?" त्यांनी विचारलं. "मागून येतोय का?"

 धाकट्याने बाबांना फोन लावला.

"पोचलास? उकळली नाही ना?"

"नाही."

 "जमलं हं तुला," बाबा म्हणाले.

तसं पाहिलं तर कुणाचंच काही बुडालं नाही. मिस्त्रीला त्याची गाडी मिळाली, धाकट्याला त्याचे शब्द मिळाले, थोरल्यांनीही दिलेला शब्द पाळला. किंमत तेवढी एकट्या बाबांनी मोजली, घरी बसून, पाय लांब करून.